मेद नव्हे, भूक
बंगळूरच्या मल्लेश्वरम-जयनगर भागांतील दर्शिनींमध्ये सकाळी उभ्या उभ्या बेन्ने डोसा खाणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात हल्ली ज्या ‘चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शना’चा उल्लेख वारंवार कानी पडतो, ते वस्तुतः चरबी मुळीच विरघळवीत नाही, आणि त्याविषयी रूढ झालेले बहुतेक गैरसमज या एकाच मूळ गैरसमजाची संतती आहेत, असे माझे मत आहे.

भोजनानंतर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचे जे संप्रेरक स्रवते, ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावते, जठर रिकामे होण्याची गती मंद करते आणि मेंदूकडे तृप्तीची वर्दी पोहोचविते. परंतु रक्तात त्याचा अंमल काही मिनिटांपलीकडे टिकत नाही. या इंजेक्शनातले सेमाग्लुटाइड हे त्याच संप्रेरकाच्या धर्तीवर घडविलेले, निम्मे शरीराबाहेर जाण्यास सुमारे आठवडा घेणारे औषध. म्हणून ते आठवड्यातून एकदाच टोचून भागते. वजन उतरते ते अन्न कमी जाते म्हणून. सुटलेल्या पोटावरच सुई टोचली पाहिजे, हा आग्रह त्यामुळे आपोआप निकालात निघतो: मांडीत किंवा दंडात त्वचेखाली घेतले, तरी परिणाम तोच.

औषध भुकेवर चालते हे एकदा ध्यानात आले, की ते बंद केल्यावर भूक पूर्ववत का होते, याचाही उलगडा होतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन घटले होते. पुढे इलाज थांबल्यावर वर्षभरात त्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. याला लोक औषधाची फसवणूक म्हणतात. गोळी बंद केल्यावर रक्तदाब पुन्हा चढला, तर त्या गोळीवर मात्र असा आरोप कोणी करीत नाही.

‘आता व्यायाम नको’ ही समजूत मला अधिक घातक वाटते. अर्धाच डोसा खाऊन उठणाऱ्याच्या पोटात प्रथिने नाममात्रच जातात, आणि अशा उपासमारीत मेदाबरोबर स्नायूही झिजतात. आपल्याकडे स्नायूंचे भांडवल आधीच तुटपुंजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले होते: उंचीच्या हिशेबाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3, पण शरीरातील मेद युडकिनांचा 9.1 टक्के, तर याज्ञिकांचा 21.2! वजनकाट्याला यातले काहीही दिसत नाही.

मार्च 2025 मध्ये याच जातकुळीचे टिर्झेपेटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले. बीएमआय 30 वा त्याहून अधिक, अथवा 27 आणि जोडीला वजनाशी निगडित व्याधी, ही त्यांची सर्वसाधारण अट; मळमळ आणि बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास; स्वादुपिंडाचा दाह पूर्वी झालेला असल्यास अथवा घराण्यात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असल्यास ही कैफियत डॉक्टरांपुढे आधीच मांडावी. लग्नाची तिथी दोन महिन्यांवर आल्यावर ‘तेवढ्यापुरते’ इंजेक्शन मागणाऱ्यांची तर मला मौज वाटते, कारण सेमाग्लुटाइडची मात्रा 0.25 मिलिग्रॅमपासून चढवीत 2.4 पर्यंत नेण्यासच ठरल्याप्रमाणे 16 आठवडे लागतात, तोवर अक्षता पडून गेलेल्या असतात. आणि लग्नानंतर अपत्याचा विचार असेल, तर गर्भधारणेपूर्वी किमान दोन महिने ते बंद करावे लागते.