जुन्या कार्डांची आणि छायाचित्रांची साक्ष

इतिहास म्हटला, की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु धुळ्याच्या पेठेतील दुकानदार कोणती चिंता उराशी घेऊन सकाळी दुकान उघडीत असे, जळगावच्या कापडगिरणीतील कामगाराच्या घरी सण कसा साजरा होई, सासरी गेलेल्या मुलीची खुशाली माहेरी कशी पोचे, हे बखरींत सापडत नाही. ते जाणून घ्यावयाचे, तर माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली पाहिजे. तिच्यात पिवळी पडलेली पोस्टकार्डे असतात, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली छायाचित्रे असतात. ती लिहिणाऱ्यांनी किंवा काढून घेणाऱ्यांनी पुढील पिढ्यांना काही सांगण्याचा हेतू धरला नव्हता. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची ठरते.

जगातील पहिले पोस्टकार्ड १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १ जुलै १८७९ रोजी, ते हिंदुस्थानात सुरू झाले. किंमत होती पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. रुपयाचे पैसे त्या काळी चौसष्ट होत. इतक्या स्वस्तात दूरच्या आप्ताशी बोलता येऊ लागल्यामुळे लहान गावांतील साध्या माणसांनीही कार्डाला आपलेसे केले. आलेले कार्ड वाचून झाले, की ते खुंटीला टांगलेल्या वाकड्या तारेत ओवून ठेवीत. जुन्या कार्डाच्या मधोमध पुष्कळदा एक भोक आढळते, ते या तारेचे.

कार्ड हाती आले, म्हणजे मजकुराआधी त्याचे वय पाहावे. त्यावर छापलेली मुद्रा व्हिक्टोरिया राणीची आहे, की एखाद्या राजाची, यावरून काळाचा पहिला अंदाज येतो. स्वातंत्र्यानंतर राजाची मुद्रा गेली आणि त्रिमूर्तीचे चित्र आले. पत्त्यात ‘जि. पूर्व खानदेश’ किंवा ‘जि. पश्चिम खानदेश’ असे असेल, तर ते कार्ड १९०६ नंतरचे होय. कारण त्या वर्षी खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व भागाचे मुख्य ठिकाण जळगाव व पश्चिम भागाचे धुळे झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर याच शहरांची नावे जिल्ह्यांना मिळाली. पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड असेल, तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे समजावे. शेवटी डाकेचे शिक्के पाहावेत. एक शिक्का कार्ड टाकलेल्या गावाचा आणि दुसरा ते पोचलेल्या गावाचा असेल, तर दोन्हींच्या तारखांवरून प्रवासाला किती दिवस लागले, हे निघते.

पत्तादेखील गावाची घडण सांगतो. धुळ्याच्या जुन्या पत्त्यांत ‘गल्ली नंबर ४’ अशी नोंद दिसते. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर तेथील पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठिकाण केले आणि सरळ रस्त्यांची नवी वस्ती वसविली. आखून वसविलेल्या वस्तीतच गल्ल्यांना असे ओळीने आकडे देणे सोयीचे होते. जळगावच्या पत्त्यांत जुने जळगाव आणि नवी पेठ अशी दोन्ही नावे येतात. आगगाडी आली, कापसाचा व्यापार वाढला, आणि जुन्या गावाला नव्या पेठा जोडल्या गेल्या. ही सारी हकीकत त्या दोन नावांत साठविलेली आहे.

आता मजकुराकडे वळू. समजा, धुळ्याहून एका दुकानदाराने अमळनेरला आपल्या व्याह्यांना कार्ड लिहिले आहे. आरंभी ‘श्री’, मग ‘कृ. सा. न. वि. वि.’, म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पुढे मजकूर असा: सूनबाई सुखरूप पोचल्या. मृग कोरडा गेला, कपाशीची लावणी खोळंबली, बाजार थंड आहे. धाकट्याला इंग्रजी शाळेत घातले. तळाशी, जागा संपत आल्यावर, ‘चि. सौ. सूनबाईंचा आपणांस नमस्कार.’ एवढेच.

लिहिणाऱ्याने खुशाली कळविली. परंतु वाचणाऱ्यास आणखी पुष्कळ कळते. दुकानदाराचा बाजारही पावसावर अवलंबून होता, म्हणून तो शेतकऱ्याइतकाच आभाळाकडे पाहत होता. धाकट्याची शाळा ही कळविण्याजोगी गोष्ट होती, म्हणजे प्रत्येक मुलाला ती मिळत नव्हती. आणि जिच्यासाठी कार्ड लिहिले, त्या सुनेचा स्वतःचा एक शब्दही त्यात नाही. तिला करमते का, माहेरची आठवण येते का, हे कार्ड सांगत नाही. ते उघडे असे. पोस्टमन वाची, शेजारी वाची, आणि ज्याला वाचता येत नसे, त्याला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे घरातील दुःखे व भांडणे सहसा कार्डावर उतरत नसत. बोलीचेही तसेच. घरात अहिराणी बोलणारा मनुष्य कार्ड मात्र पुस्तकी मराठीत लिही. त्यातून एखादे वेळी मुलाऐवजी ‘आंडोर’ हा शब्द निसटला, म्हणजे कागदामागील खरा आवाज क्षणभर ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. कोपरा पाहताच वाचणाऱ्याच्या काळजात चर्र होई. असे कार्ड घरात ठेवीत नसत. वाचून ते फाडून टाकीत. उलट लग्नाचे किंवा बारशाचे कार्ड हळद-कुंकवाच्या बोटांसह तारेत जपले जाई. म्हणून जुन्या पेटीत आनंदाची कार्डे अधिक सापडली, तर त्या काळी दुःख कमी होते असे मानू नये. साथी आणि दुष्काळ त्या लोकांनीही सोसले होते. त्यांची कार्डे उरली नाहीत, इतकेच.

छायाचित्रांचीही अशीच तपासणी करावी लागते. पूर्वी छायाचित्र काढणे हा एक समारंभच असे. घरातील मंडळी ठेवणीतले कपडे घालून छायाचित्रकाराकडे जात. मागे रंगविलेला पडदा असे. त्यावर संगमरवरी खांब किंवा बागेतील जिना काढलेला असे. पुढे नक्षीची खुर्ची आणि तिवईवर फुलदाणी. हे वैभव त्या कुटुंबाचे नव्हे, दुकानाचे होय. परंतु डोक्यावरील पगडी, फेटा किंवा टोपी, स्त्रियांचे नऊवारी लुगडे, मुलाच्या अनवाणी पायांवरील धूळ, खुर्चीवर कोण बसले आणि कोण मागे उभे राहिले, ही साक्ष मात्र खरी असते.

फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते, आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंतून तेथील सजावट उभारली होती. अशा प्रसंगाचे चित्र पाहताना दृष्टी प्रथम पुढाऱ्यांकडे जाते. ती तेथून काढून कडेच्या गर्दीकडे न्यावी. लोकांच्या पायांत वहाणा आहेत काय? स्त्रिया कोठे बसल्या आहेत? लहान मुले कोणाच्या खांद्यावर आहेत? गावचा इतिहास चित्राच्या कडेलाच अधिक सापडतो.

छायाचित्र कधी कधी चकवितेही. चाळीसगावचे विख्यात छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर लहान लहान वस्तू मांडून त्यांतून विस्तीर्ण निसर्गदृश्ये निर्माण केली. पाहणाऱ्यास ती खरीच वाटतात. मूस यांची ती कला होती. परंतु तिच्यातून एक धडा मिळतो. कॅमेरा समोर मांडलेले टिपतो. ते कोणी व कशासाठी मांडले, हे पाहणाऱ्याने विचारावयाचे असते.

आणि ज्यांनी कार्ड लिहिले नाही, ज्यांना छायाचित्रकाराकडे जाणे परवडले नाही, त्यांचे काय? जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचीत. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती वेळोवेळी उतरून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कविता पुस्तकरूपाने निघाल्या. ती गाणी कोणी टिपून घेतली नसती, तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. किती घरांतील किती गाणी अशी गेली, याची मोजदाद कोण करणार?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत प्रसिद्ध केली. १९२६ साली त्यांचे धुळ्यास निधन झाले. पुढील वर्षी त्याच शहरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाडे कागदांसाठी दारोदार फिरले. आपल्याला तर केवळ आपल्याच घरातील पेटी उघडावयाची आहे. तेवढे काम मुलांनाही करता येईल. छायाचित्र घेऊन आजीजवळ बसावे. हा कोण, ही कोण, ही खुर्ची कोणाची, असे एकेक विचारावे. ती सांगेल ती नावे, गाव आणि साल पाठीमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाईने लिहू नये. ती पुढच्या बाजूस उमटते. कार्डे ओल आणि वाळवी यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावीत. हे काम मात्र उद्यावर टाकू नये. चित्रातील चेहरा ओळखणारे घरातील शेवटचे माणूस गेले, म्हणजे चित्र तसेच राहते. पण त्यातील माणसाला पुन्हा नाव मिळत नाही.