नव्या मोटारीचें प्रसाधन

माणिकपुरांत पहाटे पांच-साडेपांचला वसई रोड स्टेशनाच्या दिशेनें पावलांची वर्दळ सुरू होते, त्याच सुमारास इमारतींच्या आवारांत दुसरेंच एक काम चाललेलें असतें. एक मनुष्य, एक बादली आणि एक फडकें एवढ्या भांडवलावर ओळीनें उभ्या असलेल्या मोटारी पुसल्या जातात. पहिल्या मोटारीच्या वांट्याला स्वच्छ पाणी येतें. दहावीच्या वांट्याला येतें तें आधींच्या नऊ गाड्यांची धूळ कालवलेलें. गाडी ओली व चकचकीत दिसते आणि मालक संतुष्ट होतो. वर्ष-दीड वर्षानें मात्र उन्हांत तिच्याकडे तिरपें पाहिलें, तर कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक रेघांचीं वर्तुळें दिसूं लागतात. यांत दोष पुसणाराचा नव्हे, साधनांचा आहे. आणि साधनें पुरविणें हें मालकाचें काम.

ह्या रेघा पडतात कोठें, हें कळलें म्हणजे खरेदीचा निम्मा प्रश्न सुटतो. हल्लींच्या मोटारीच्या पत्र्यावर प्रथम अस्तराचे थर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. त्यास क्लिअरकोट म्हणतात. हे सर्व थर मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यांपैकीं पारदर्शक थर अवघा ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे बहुधा मनुष्याच्या केसाहूनहि पातळ, असतो. धुळींतील वाळूचा कण ह्या थराहून कितीतरी कठीण. पॉलिशनें रेघा घालवितां येतात खऱ्या. पण पॉलिश करणें म्हणजे तोच थर घांसून आणखी पातळ करणें होय. यास्तव नवशिक्यानें पॉलिशची बाटली घेण्याची घाई करूं नये. रेघा पडूं न देणें हें त्याचें पहिलें काम, आणि त्यासाठीं लागणाऱ्या वस्तू थोड्या व स्वस्त आहेत.

पहिली वस्तु शांपू. तो मोटारीसाठींच बनविलेला, आम्लहि नव्हे व अल्कहि नव्हे असा, असावा. भांडीं घासण्याचा साबण तेलकटपणा तोडण्यासाठीं केलेला असतो. तो गाडीवरील मेणाचें संरक्षणहि तितक्याच निष्ठेनें तोडतो. रॉकेल किंवा डिझेल लावलेल्या फडक्यानें येणारी चमक तर निव्वळ तेलाची असते. तिच्यावर दुपारपर्यंत धूळ चिकटते आणि दारांच्या रबरी पट्ट्या हळूहळू खराब होतात.

फडक्याविषयीं मात्र थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. घरांतील जुनें बनियन किंवा साडीचा तुकडा मोटारीस वापरणें ही महाग पडणारी काटकसर आहे. अशा कापडांत कण पृष्ठभागावरच राहतो आणि हाताबरोबर रंगावरून फिरतो. मायक्रोफायबर हें पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचें कापड. त्याच्या लवेंत कण आंत ओढला जातो. पुसण्यासाठीं दर चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचें व पाणी टिपण्यासाठीं त्याहून जाड कापड पुरतें. कडेची कडक शिवण व कंपनीची चिठ्ठीहि रेघ पाडते, तेव्हां तीं नसलेलें कापड पाहून घ्यावें. देवघरांतलें सोंवळें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढील नियम जड जाणार नाहीं: चाकांचें फडकें दारांस लावूं नये, आणि जमिनीवर पडलेलें फडकें धुतल्यावांचून रंगास लावूं नये. हीं फडकीं वेगळीं धुवावीं. कपडे मऊ करणारें द्रावण त्यांत घातल्यास तंतू बुजतात व पाणी टिपलें जात नाहीं.

धुण्यासाठीं एकाऐवजीं दोन बादल्या ठेवाव्या. एकींत शांपू, दुसरींत साधें पाणी. हातमोजा प्रत्येक वेळीं आधीं साध्या पाण्यांत खळबळून मगच फेसांत बुडवावा. दुसऱ्या बादलीच्या तळाशीं जमलेली माती एकदां पाहिली, कीं ह्या पद्धतीचें आणखी समर्थन करावें लागत नाहीं. पहाटे येणाऱ्या मनुष्याजवळ आपल्या गाडीपुरतीं दोन स्वच्छ फडकीं देऊन ठेवलीं आणि पाणी बदलण्याची मुभा दिली, तरी पुष्कळ नुकसान टळतें.

माणिकपूरच्या हवेचा विचार निराळा करावा लागतो. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, नायगांवकडे मिठागरें. त्यामुळें वारा खारा. दगड उडून जेथें रंगाचा टवका गेला असेल, तेथें मीठ व ओल मिळून गंज धरतो. किनाऱ्यावर जाऊन आलेली गाडी खालून साध्या पाण्यानें धुणें हें कोणत्याहि महागड्या बाटलीहून अधिक मोलाचें. कूपनलिकेचें अगर टँकरचें पाणी जड असल्यास तें उन्हांत वाळून चुन्याचे पांढरे ठिपके उमटवितें. म्हणून गाडी सावलींत धुवावी व लगेच टिपावी. उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई असेल, तेव्हां रिन्सलेस वॉश नांवाचें द्रावण एका बादलींत भागवितें. पण तें हलक्या धुळीपुरतेंच. अहमदाबाद महामार्गावरचा चिखल घेऊन आलेल्या गाडीस तें चालणार नाहीं.

कांचेसाठीं अमोनियारहित द्रावण घ्यावें, आंतील फळीला ओलसर फडकें पुरे. टायरांचें काळें तकाकीदार द्रव्य ही हौसेची बाब. तें रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठावर मात्र कदापि लावूं नये, चाक घसरतें. सिरॅमिक थराचा आग्रह दुकानदार हटकून धरील. तो थर उपयुक्त आहे, परंतु दगडाचा टोला त्यानें चुकत नाहीं आणि धुणेंहि सुटत नाहीं. खालच्या रेघा न काढतां तो दिला, तर त्या तशाच झांकल्या जातात.

नवशिक्यास मेण पुरे. कार्नौबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरून मिळतें व ८० अंशांहून अधिक उष्णतेवर वितळतें; कृत्रिम सीलंट त्याहून अधिक काळ टिकतो. दोहोंपैकीं कोणतेंहि मे महिन्याच्या अखेरीस, धुतलेल्या, वाळलेल्या व थंड पत्र्यावर अगदीं पातळ लावावें. काळ्या प्लास्टिकवर जाऊं देऊं नये, पांढरे डाग राहतात. मेण असलें, तरी कावळ्या-कबुतरांची विष्ठा उन्हांत राहूं देऊं नये. भिजलेलें फडकें तिच्यावर दोन-चार मिनिटें ठेवून ती अलगद उचलावी, खरवडूं नये. पावसाचे थेंब पत्र्यावर गोळे होऊन ओघळेनासे झाले, कीं मेणाचा दुसरा हात द्यावा.