घरगुती हरितगृहातील वायुवीजन व तापमान

परसातील लहान हरितगृहात भाजीपाल्याचे थंडी, पाऊस व किडी यांपासून संरक्षण होते. तथापि, झरोके बंद राहिल्यास उन्हाळ्यातील एका दुपारीच महिनाभराच्या मेहनतीची रोपे करपून जातात. म्हणून आतील हवा खेळती ठेवणे अगत्याचे आहे.

सूर्यप्रकाश प्लॅस्टिकच्या आच्छादनातून आत शिरून जमीन व पाने तापवितो आणि त्यांच्यालगतची हवाही तापते. उघड्या शेतात ही हवा वर निघून जाते. हरितगृहात ती कोंडून राहते. गृह जितके लहान, तितकी हवा थोडी व तापमानाची चढण वेगवान असते.

याकरिता झरोके दोन ठिकाणी असावेत : बाजूंना तळाशी व छपराच्या माथ्यावर. उष्ण हवा हलकी असल्याने माथ्यावरून बाहेर पडते व खालून ताजी हवा ओढली जाते. वारा पडलेला असताही ही क्रिया चालू राहते. वरच्या झरोक्याचे तोंड नेहमीच्या वाऱ्याकडे नसावे. किडी रोखण्यासाठी 40 मेशची जाळी लावल्यास हवा काहीशी अडते. म्हणून झरोके मोठे ठेवावेत व जाळीवरील धूळ वरचेवर धुवावी.

तापमापक पिकाच्या उंचीवर, परंतु ऊन लागणार नाही असा टांगावा. टोमॅटोस दिवसा 20 ते 30 अंश सेल्सिअस तापमान मानवते; 35 अंशांपुढे परागकण निकामी होऊन फुले गळतात. म्हणून 25 अंश होताच झरोके उघडू लागावे. उन्हाळ्यात 50 टक्के सावलीची जाळी आच्छादनाच्या बाहेरून पसरावी. आतून लावल्यास जाळीने शोषलेली उष्णता आतच राहते.

पाणी फवारल्याने गारवा येतो, परंतु झरोके उघडे असतील तरच. कोंदट हवेत बाष्पीभवन मंदावते, पाने ओली राहतात व बुरशीजन्य रोग बळावतात. पाणी शक्यतो सकाळीच द्यावे.

निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात हिवाळ्यात सूर्यास्तापूर्वी पडदे सोडावेत, म्हणजे दिवसाची ऊब टिकते. सकाळी ऊन आल्यावर ते थोडा वेळ उघडून रात्रीचा दमटपणा बाहेर जाऊ द्यावा. वादळात मात्र सर्व बाजू त्वरित बंद कराव्यात. आत शिरलेला वारा छप्पर उचलतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना सकाळी, दुपारी व सायंकाळी तापमानाची नोंद ठेवण्याची सवय लावावी. झरोके केव्हा उघडावे व केव्हा मिटावे, हे त्या नोंदींवरूनच उमगते.