झाकण सारखे, कुल वेगळे

मावळात किंवा लोणावळ्याच्या डोंगरात हिंडताना पायवाटेकडेची मातीची दरड जरा निरखून पाहा. शेवाळलेल्या मातीत एखादी बारीक, गोलसर रेघ दिसली, तर ती कदाचित एका दाराची कड असेल. आत राहतो ट्रॅप-डोअर कोळी!

जबड्यांवरील काट्यांनी हा कोळी बीळ खणतो, त्याला आतून रेशमाचे अस्तर लावतो आणि तोंडावर माती व रेशीम यांचे झाकण बसवतो. बिजागरीही रेशमाचीच. किडा जवळ आला, की झाकण उचलून झडप! शत्रू आला, तर कोळी झाकण आतून ओढून धरतो. (कमीत कमी बल लावायचे, तर झाकण बिजागरीजवळ धरावे की दूर? तरफेचा नियम आठवून सांगा.)

झाकण करणारे सारे कोळी एकाच कुलातले असतील का? पूर्वी तसेच मानत आणि बहुतेकांना टेनिझिडी कुलात घालत. पण सवय सारखी म्हणजे नाते जवळचे, असे नव्हे. वटवाघूळ उडते म्हणून तो पक्षी ठरत नाही.

आपल्या देशातल्या दोन प्रजाती घेऊ : हेलिग्मोमेरस आणि कोनोथेले. दोघींच्याही तिसऱ्या पायाच्या नडगीवर खोगिरासारखा खळगा असतो. एवढ्यावरून त्या बहिणी वाटतील. आता डोळे पाहा. हेलिग्मोमेरसच्या आठ डोळ्यांपैकी दोन अगदी पुढच्या कडेशी असतात आणि सहा बरेच मागे. इडिऑप्स प्रजातीतही हीच मांडणी आढळते. कोनोथेलेचे दोन डोळे असे पुढे सुटलेले नसतात. १९८५ साली रॉबर्ट रेव्हन यांनी अनेक लक्षणे एकत्र ताडून इडिऑपिडी हे स्वतंत्र कुल मानले. हेलिग्मोमेरस व इडिऑप्स त्यात गेल्या. कोनोथेले मात्र २०१८ साली डीएनएच्या पुराव्यावरून हॅलोनोप्रोक्टिडी कुलात गेली. म्हणजे पायावरचा तो खळगा दोन कुलांत स्वतंत्रपणे निर्माण झाला असला पाहिजे. वर्गीकरणात एका लक्षणावर विसंबून चालत नाही, ते असे.

इडिऑपिडी कुलातील ऑस्ट्रेलियातली एक मादी ४३ वर्षे जगल्याची नोंद आहे, तीही एकाच बिळात! मादी सहसा बीळ सोडून जात नाही. म्हणून रस्त्यासाठी किंवा बंगल्यासाठी दरड कापली, की तिथली वस्तीच संपते. तेव्हा बीळ सापडले तर खणू नका. जागा टिपून घ्या, झाकणाचा व्यास मोजा आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन पाहा.