परदेशातील शैक्षणिक प्रवास आणि दैनंदिन खर्चाचे अंदाजपत्रक : पुणे शहरातील प्राध्यापकांच्या संदर्भात

सारांश :
परदेशातील परिषदेस जाणारे प्राध्यापक विमानभाडे, व्हिसा व नोंदणी शुल्क यांचा हिशेब काटेकोरपणे करतात. मुक्कामातील स्थानिक प्रवास, भोजन आणि किरकोळ गरजा यांचा खर्च मात्र बहुधा अंदाजावर सोडला जातो. हा खर्च तुलनेने लहान असला तरी प्रवासाचे शैक्षणिक फलित त्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या खर्चाचे स्वरूप आणि त्याचे अंदाजपत्रक तयार करण्याची पद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : दैनंदिन खर्च, विनिमय दर, परकीय चलन, आकस्मिक निधी.

प्रस्तावना :
पुण्यातील शिक्षकांच्या परदेशगमनास मोठी परंपरा आहे. 1929 च्या मार्चमध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, महर्षी धोंडो केशव कर्वे महिला विद्यापीठाच्या कार्याची ओळख करून देण्यासाठी आणि निधी मिळविण्यासाठी परदेशी निघाले. इंग्लंड, जिनिव्हा व एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदा, अमेरिका आणि जपान असा प्रवास करून ते 1930 च्या एप्रिलमध्ये परतले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते आफ्रिकेस गेले. निधीसंकलनासाठी केलेल्या अशा प्रवासात स्वतःवर खर्च झालेला प्रत्येक शिलिंग संस्थेच्या निधीतून वजा झाल्यासारखाच असतो. दैनंदिन खर्चाचा प्रश्न हा केवळ काटकसरीचा नसून प्रवासाच्या हेतूशी निगडित असतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

स्वातंत्र्योत्तर काळात परकीय चलनाचा तुटवडा ही मुख्य अडचण होती. केवळ आठ डॉलर खिशात घेऊन विमानात बसल्याच्या आठवणी त्या पिढीतील अनेक जण सांगत. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, 1999 हा 1 जून 2000 पासून अमलात आला. फेब्रुवारी 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली. तिची प्रारंभीची मर्यादा 25,000 डॉलर होती. 2015 पासून ती प्रत्येक आर्थिक वर्षासाठी 2,50,000 डॉलर आहे. चलन मिळण्याची अडचण अशा रीतीने दूर झाली. आता प्रश्न उरतो तो मिळणारे वेतन आणि परदेशातील किंमती यांतील अंतराचा.

उद्दिष्टे :
1. परदेश प्रवासातील खर्चाचे वर्गीकरण करणे.
2. दैनंदिन खर्चाच्या अंदाजपत्रकाची पद्धती स्पष्ट करणे.
3. चलन बदलताना पडणाऱ्या अप्रत्यक्ष भाराचा विचार करणे.

खर्चाचे वर्गीकरण :
प्रवासखर्चाचे तीन भाग पडतात. पहिला भाग पूर्वनिश्चित खर्चाचा. विमानभाडे, नोंदणी शुल्क, व्हिसा व विमा हे त्यात येतात. उदाहरणार्थ, शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठीचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो असून त्यासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. दुसरा भाग दैनंदिन खर्चाचा आणि तिसरा आकस्मिक खर्चाचा. अनुदान मंजूर झाले तरी ते बहुधा पहिल्या भागापुरते असते. दुसऱ्या व तिसऱ्या भागांचा भार अनेकदा प्राध्यापकासच उचलावा लागतो आणि मंजूर रकमेची प्रतिपूर्ती परतल्यानंतरच होते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीत तर निबंध स्वीकृत होऊनही प्रवास रद्द करण्याची वेळ या भारामुळे येऊ शकते.

पुण्याहून निघणाऱ्या प्रवाशाने आणखी एक बाब धरावयास हवी. लोहगाव विमानतळावरून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकीच असल्याने बहुसंख्य प्रवासी मुंबईहून निघतात. मुंबईपर्यंत जाण्यायेण्याचे वाहन आणि विमानतळावरील प्रतीक्षेतील खाणेपिणे हा प्रवासखर्चाचाच भाग होय.

रूपांतराची सवय :
अंदाज चुकण्याचे प्रमुख कारण म्हणजे पुण्यातील किंमती मनात धरून परदेशातील खर्च ठरविणे. विनिमय दर आणि क्रयशक्ती या भिन्न गोष्टी आहेत. एका युरोस जितके रुपये मिळतात, तितक्या रुपयांत पुण्यात पोटभर नाश्ता होतो. तोच युरो युरोपातील उपाहारगृहात कॉफीच्या एका पेल्यासही अपुरा पडतो. यातून दोन चुका संभवतात. निघण्यापूर्वी तरतूद अपुरी केली जाते आणि तेथे पोहोचल्यावर प्रत्येक वस्तूचे रुपयांत रूपांतर करून आवश्यक खर्चही टाळला जातो. म्हणून अंदाजपत्रक त्या देशाच्या चलनात व दिवस हे एकक धरून करावे. रुपयांत रूपांतर शेवटी एकदाच करावे.

किंमतीची लिहिण्याची रीतही देशपरत्वे बदलते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत विक्रीकर देयकात नंतर मिळविला जातो आणि उपाहारगृहात 15 ते 20 टक्के बक्षिसी देण्याचा प्रघात आहे. ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून निवासाच्या दरावर 12.5 टक्के पर्यटनकर आहे.

स्थानिक वाहतुकीबाबत आधी माहिती घेतल्यास बरीच बचत होते. लंडनमध्ये दिवसभरातील प्रवासभाड्यास कमाल मर्यादा आहे. मार्च 2025 पासून ती पहिल्या दोन विभागांसाठी 8.90 पौंड होती. मात्र सकाळी कार्ड आणि सायंकाळी मोबाइल वापरल्यास दोन्हींची गणना वेगळी होते व मर्यादेचा लाभ मिळत नाही. जर्मनीत स्थानिक व प्रादेशिक वाहतुकीचा मासिक पास जानेवारी 2026 पासून 63 युरोंना मिळतो. तो कॅलेंडर महिन्यापुरता असतो, द्रुतगती गाड्यांना चालत नाही आणि त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढील महिन्याचे पैसे आकारले जातात. परिषद महिन्याच्या अखेरीस सुरू होऊन पुढील महिन्यात संपणार असेल, तर तो किफायतशीर ठरत नाही. लक्झेंबर्गमध्ये तर 2020 पासून सार्वजनिक वाहतूक सर्वांना विनामूल्य आहे.

निवास निवडतानाही हाच विचार करावा. शहराबाहेरील खोली दररोज 12 युरोंनी स्वस्त असेल, परंतु जाण्यायेण्यास 9 युरो आणि दीड तास लागत असेल, तर प्रत्यक्ष बचत केवळ 3 युरोंची होते. खोलीत स्वयंपाकाची सोय असेल, तर शाकाहारी प्रवाशास तिचा विशेष उपयोग होतो.

अंदाजपत्रकाचा नमुना :
जर्मनीतील 8 दिवसांच्या मुक्कामाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. दुपारचे भोजन परिषदेत आहे आणि निवासाचे भाडे आधीच भरले आहे, असे गृहीत धरले आहे.

1. दररोज : स्थानिक प्रवास 9, भोजन 24, चहा, पाणी व किरकोळ 7, एकूण 40 युरो.
2. आठ दिवसांचे : 320 युरो.
3. एकदाच होणारा खर्च : विमानतळावरून जाणे-येणे 20, शहरकर 25, दूरध्वनी व इंटरनेट 15, एकूण 60 युरो.
4. बेरीज : 380 युरो.
5. आकस्मिक निधी 15 टक्के : 57 युरो.
6. एकूण : 437 युरो.

गणिताच्या सोयीसाठी एका युरोस 100 रुपये धरल्यास 43,700 रुपये होतात. चलन बदलण्याचा भार 3 टक्के धरल्यास त्यात 1,311 रुपयांची भर पडून रक्कम 45,011 रुपये होते. पुण्यातील सवयीने दिवसाला 800 रुपये धरणाऱ्याची तरतूद 6,400 रुपयांचीच झाली असती.

चलन आणि त्यावरील भार :
प्रवासासाठी रोख परकीय चलन साधारणतः प्रत्येक प्रवासास 3,000 डॉलरपर्यंतच घेता येते. उर्वरित रक्कम कार्डावर घ्यावी. चलन खरेदीसाठी 50,000 रुपयांहून अधिक रक्कम रोखीने देता येत नाही. जाहीर विनिमय दर व विक्रेत्याचा दर यांतील फरक हा पहिला भार होय. वस्तू व सेवा कर हा दुसरा. एक लाख रुपयांच्या चलनखरेदीवर तो 180 रुपये पडतो. सामान्य क्रेडिट कार्ड परदेशात वापरल्यास बँका सुमारे 2 ते 3.5 टक्के अधिभार घेतात. परदेशातील दुकानदाराने देयक रुपयांत करण्याचा पर्याय दिल्यास तो नाकारावा, कारण तेथील रूपांतराचा दर सहसा महाग असतो.

उगमस्थानी कर संकलनाविषयी अकारण धास्ती आढळते. एप्रिल 2025 पासून उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षभरात 10 लाख रुपयांपर्यंत पाठविलेल्या रकमेवर हा कर नाही. मात्र मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी त्याच पालकाने पाठविलेली रक्कमही या मर्यादेत मोजली जाते. कापलेली रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात समायोजित होते. परतल्यावर 2,000 डॉलरपर्यंतचे शिल्लक चलन जवळ ठेवता येते. त्याहून अधिक रक्कम 180 दिवसांत बँकेस परत करावी लागते.

निष्कर्ष :
परिषदेतील निबंधवाचन पंधरा-वीस मिनिटांचे असते. सहकार्याची बोलणी, संदर्भांची देवाणघेवाण आणि पुढील संशोधनाच्या कल्पना बहुधा चहाच्या वेळी किंवा सायंकाळच्या भोजनाच्या मेजावर आकार घेतात. पैसे संपत आले म्हणून सायंकाळी खोलीवर परतणारा प्राध्यापक परदेशी जाऊनही परिषदेच्या निम्म्या लाभास मुकतो. विमानभाड्यावर लाखभर रुपये खर्चून दिवसाचे दहा युरो वाचविणे ही काटकसर नव्हे. दैनंदिन खर्च स्थानिक चलनात व दिवसवार मांडावा, त्यात आकस्मिक निधी धरावा आणि पावत्या त्या-त्या दिवशी नोंदवाव्यात. महाविद्यालयांनीही परदेशगमनाच्या प्रस्तावासोबत असे अंदाजपत्रक मागवून दैनिक खर्चासाठी आगाऊ रक्कम देण्याची तरतूद केल्यास, केवळ आर्थिक कारणाने मागे राहणाऱ्या तरुण अध्यापकांना परिषदेचा मार्ग खुला होईल.