ॲप तपासायला फोन कोणता घ्यावा?

कडावसारख्या गावात मुलगा किंवा मुलगी मोबाईलचे ॲप बनवायला शिकू लागली, की घरात पहिली मागणी भारी फोनची होते. आईवडिलांनी त्यासाठी कर्ज काढू नये, असे आम्हाला वाटते. महागड्या फोनवर कसलेही ॲप धावते. त्याचा खरा कस लागतो आईच्या जुन्या, २ जीबी रॅमच्या, काच तडकलेल्या फोनवर.

एप्रिल २०२० मध्ये सरकारचे 'आरोग्य सेतू' आले, ते स्मार्टफोनपुरतेच. जिओफोनसाठी ते मे महिन्यात आले. ऐन साथीत तेवढे दिवस बटणाचा फोनवाला बाहेरच राहिला! बनवणाऱ्यासमोर कोणता फोन असतो, त्यावर हे ठरते.

म्हणून पहिला फोन घरातलाच. दुसरा जुन्या बाजारातला, वेगळ्या कंपनीचा. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारे ॲप परस्पर बंद करतात. संगणकावरच्या नकली फोनवर हे कळत नाही. अक्षरे मोठी करून पाहा. आजीसाठी मोठे केलेले मराठी बटणात मावत नाही, वेलांटी कापली जाते. फॉर्म भरताना मध्येच नेट बंद करा; भरलेले पुसले जाते का ते बघा.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गुगल प्लेने ॲप खुले करण्याआधी लोकांकडून तपासून घेण्याची अट घातली. आधी २० जण लागत, डिसेंबर २०२४ पासून १२, सलग १४ दिवस. बारा फोन विकत कोण घेणार? मावशी, शेजारी, रिक्षावाले काका यांना सामील करा. त्यांचे फोन बारा तऱ्हेचे असतात. फक्त चौदा दिवस कोणी चाचणी सोडू नये, एवढे आधीच सांगून ठेवावे.