मधली फिन

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फेब्रुवारीतच फोन करून ऑस्ट्रेलियातल्या 'एखाद्या हातकारागिरीवर' लेख मागितला. त्यांच्या मनात लोकर किंवा वाइन असावी. मला त्याच आठवड्यात नवा सर्फबोर्ड घ्यायचा होता. एका फेरीत दोन्ही कामं उरकू म्हणून सिडनीच्या उत्तर भागातलं ब्रुकव्हेल गाठलं. मोटारींची गॅरेजं, टाइल्सची गोदामं आणि त्यांच्या मधोमध एक पत्र्याची शेड. आत तीस वर्षं बोर्ड घडवणारा एक माणूस. नाव छापायचं नाही, या अटीवर त्याने बसायला स्टूल दिलं.

"ट्विन-फिन हवाय," मी म्हटलं. "चपळ, पण रोजच्या लाटांसाठी."

"रोजच्या म्हणजे कुठल्या? गेल्या महिन्यात किती वेळा पाण्यात उतरलास?"

"नऊ."

"त्यात छातीच्या वरची लाट किती वेळा आली?"

एकदा. आणि त्या दिवशी मी वीस मिनिटांत बाहेर आलो होतो. त्याने फोमच्या तुकड्यावर पेन्सिलीने 9 लिहिलं, त्यातून 1 वजा केला आणि म्हणाला, "मग आठ दिवसांचा बोर्ड करू."

ज्यांचा या फळीशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बोर्डाच्या पोटाला, शेपटीजवळ, माशाच्या परासारख्या फिन असतात. आजच्या बहुतेक बोर्डांना तीन असतात, दोन कडांना आणि एक मध्ये. आमच्या मालवणकडे होडीला बाजूने उलांडी बांधतात. ती होडीला कलंडू देत नाही, पण पाण्यात ओढत जाते आणि तेवढा वेग खाते. मधली फिन साधारण तेच करते. ती काढली की उरतो तो ट्विन-फिन, आणि बोर्ड मोकळा होतो. लाटेत जोर नसला तरी पळतो, आणि अंगात आलं की शेपटीकडून निसटतो.

अधिकृत इतिहास शेडच्या भिंतीवरच्या चार पिवळ्या फोटोंत मावतो. 1967च्या सुमारास सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिसने गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी दुभंगलेल्या शेपटीचा, दोन फिनचा आखूड बोर्ड केला. त्याचं नावच 'फिश' पडलं. 1976मध्ये हवाईचा रेनो अबेलिरा त्याच धर्तीचा बोर्ड घेऊन सिडनीच्या स्पर्धेत उतरला. न्यूकॅसलच्या मार्क रिचर्ड्‌सने तो पाहिला, स्वतःच्या अंगासाठी नव्याने बेतला आणि 1979 ते 1982 अशी सलग चार जागतिक विजेतेपदं घेतली. हवाईच्या मोठ्या लाटांत मात्र तोही एका फिनचा बोर्ड काढायचा.

पुढे ट्विन-फिनचा काटा काढला तो इथल्याच शेजाऱ्याने. ब्रुकव्हेलमधून जाणारा पिटवॉटर रोड उत्तरेला नॅराबीनला पोचतो. तिथला सायमन अँडरसन धिप्पाड होता, दोन फिनचा बोर्ड त्याच्या पायाखालून सटकायचा. 1980च्या अखेरीस त्याने मध्ये तिसरी फिन बसवली आणि 1981मध्ये बेल्स बीचच्या डोंगराएवढ्या लाटांत स्पर्धा जिंकली. त्या 'थ्रस्टर'चं पेटंट त्याने घेतलं नाही. बघता बघता सगळं जग तीन फिनवर गेलं. दोन फिनची जोडी परत फॅशनमध्ये यायला बरीच वर्षं गेली.

घडवायची खोली अंधारी असते. भिंतींना गडद रंग, दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर ट्यूबलाइट. उजेड आडवा पडला की पांढऱ्या फोमवरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. माझा कारागीर विजेचा रंधा मारत चालत जातो, थांबतो, तळवा फिरवतो. सुताराचंच काम, फक्त लाकडाची रेघ तेवढी मधल्या पातळ पट्टीपुरती उरलेली.

माझी नजर अडकली ती फिनच्या खुणांवर. दोन्ही फिन सरळ उभ्या नसतात. किंचित बाहेर झुकतात, आणि त्यांची नाकं बोर्डाच्या टोकाकडे वळलेली असतात. फिनचं पुढचं टोक मधल्या पट्टीला मागच्या टोकापेक्षा साधारण पाव इंच जवळ. विमानाच्या पंखासारखी त्यांची बाहेरची बाजू फुगीर असते. सरळ जाताना दोघींची ओढ एकमेकींच्या विरुद्ध पडते. बोर्ड कडेवर कलला की आतल्या बाजूची एकटी पाणी धरते. नाक जास्त वळवलं तर बोर्ड चटकन वळतो, पण सरळ धाव मंदावते. कमी वळवलं तर सुसाट सुटतो आणि वळायला नाही म्हणतो. त्याने पट्टी लावून खूण केली, घासपेपरने पुसली, पुन्हा केली. तिसऱ्या खेपेची खूण मला पहिलीसारखीच दिसली. त्याला दिसली नसावी.

इथून पुढे माझ्या 'चपळ पण भरवशाचा' या मागणीची गोची सुरू झाली. रुंद, दुभंगलेली शेपटी मऊ लाटेवर तरंगते आणि उभ्या लाटेवर सुटते. निमुळती शेपटी पकडते, पण लाटेत जोर नसेल तर रखडते. बुडाशी रुंद फिन लावली तर पकड मिळते, वळण ताठर होतं. प्रत्येक इलाजानिशी बोर्ड थ्रस्टरच्या दिशेने एकेक पाऊल सरकत होता. मग लिटर. बोर्डाचं आकारमान हल्ली लिटरमध्ये मोजतात आणि कमी लिटरचा बोर्ड मिरवण्यात लोकांना धन्यता वाटते. मी 30 म्हटलं. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि 34 लिहिलं.

त्याच्याही अडचणी आहेतच. ढोबळ आकार आता मशीन कापून देतं. तो मशीनला नावं ठेवत नाही, उजवा खांदा त्याच्यामुळेच शाबूत आहे म्हणतो. फोमची धूळ आणि रेझिनचा वास यांत शिकाऊ पोरं टिकत नाहीत. दुकानात परदेशी कारखान्यांतले बोर्ड स्वस्त मिळतात. पण त्याची खरी तक्रार वेगळी आहे. गिऱ्हाईक लांबी, रुंदी आणि लिटर असे तीन आकडे पाठवतं, तोंड दाखवत नाही. "गेल्या महिन्यात किती वेळा उतरलास, हे मी कुणाला विचारू?"

निघताना मी चाचरत म्हटलं, मध्ये एक खाच ठेवशील? छोट्या तिसऱ्या फिनसाठी, त्या नवव्या दिवसासाठी?

"ठेवतो. खाचेचे पैसे वेगळे पडतील."

बोर्ड एप्रिलमध्ये आला. पहिल्या आठवड्यात शेपटी सटकून दोनदा आपटलो. मागच्या पायाने दाबायची जुनी सवय सोडून कडेवर वजन टाकायला महिना लागला. जुलैत दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या तेव्हा ती छोटी फिन लावली, आणि बोर्ड शाळेतल्या मॉनिटरसारखा शहाण्यागत वागला. दोन दिवसांनी समुद्र पुन्हा कमरेएवढा झाला. स्क्रूची किल्ली सापडेना, म्हणून फिन तशीच ठेवून पाण्यात गेलो. बोर्ड बोलेचना.

घरी आल्यावर अंगावरची वाळूही न धुता आधी किल्ली शोधली.